सातव्या प्रसंगातली खोडलेली ओळ

वरवट बकाल
१७ ऑगस्ट २०२५

माया,

जयभीम. नऊ वर्षांनी लिहितोय, तेव्हा सुरुवात जरा गोड करावी असं मनात होतं. पण तू पहिल्या ओळीलाच नाक मुरडशील, म्हणून थेट कामाचं लिहितो. तुझ्या फोनवर माझा नंबर बंद केलेला आहे. स्पीड पोस्टवाला सही घेतल्याशिवाय हलत नाही, तेवढाच आता मला आधार.

तुला कानावर आलं असेलच. आई गेली त्या वर्षापासून मी इथल्या विहारात वर्षावासाच्या तीन महिन्यांत दर रविवारी बौद्धाचार्यांचं शिबिर घेतो. लग्न, नामकरण, अंत्यविधी लावणारी माणसं तयार करायची. पूर्वी गाथा पाठ झाल्या की झाला आचार्य. मी प्रसंग सुरू केले. घडलेली गोष्ट कागदावर द्यायची, अर्ध्यावर थांबवायची आणि विचारायचं, इथे तुम्ही काय कराल? तिसऱ्या प्रसंगात नवरदेवाचा बाप पिऊन तर्र होऊन पहिल्या रांगेत बसलाय आणि आचार्याला सगळ्यांकडून पाचवं शील म्हणवून घ्यायचं आहे. लोक आधी हसतात, मग भांडतात, आणि मग घरी जाताना विचार करत जातात. गाथा पाठ करून हे होत नव्हतं.

आता समितीचे अध्यक्ष जानराव यांच्या मनात आलंय की बारा प्रसंगांचं पुस्तक छापावं आणि जिल्ह्यातल्या सगळ्या विहारांत वाटावं. ५ ऑक्टोबरला शिबिराचा समारोप आहे, त्याच दिवशी मजकूर छपाईला जाईल. सातवा प्रसंग आपल्या घरचा आहे. नावं अर्थातच काढलीत, पण आपल्या गावी, सोनाळ्यात, कोणाला सांगावं लागणार नाही. म्हणून कुटुंबातल्या दुसऱ्या माणसाची सही हवी असं समिती म्हणते. दुसरं माणूस म्हणजे तूच. प्रसंग असा आहे:

‘एका गावात एक उपासिका वारली. तिने बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी मुलाने तिची पेटी उघडली. लुगड्यांच्या तळाशी सुतळीने बांधलेलं गाठोडं होतं. त्यात देवाचा चांदीचा टाक निघाला. घरातले सगळे गप्प होते. मुलगा स्वतः आचार्य होता. प्रश्न: दुसऱ्या दिवशी जमलेल्या लोकांसमोर मुलाने काय करावे?’

यात एक अक्षर खोटं नाही. खाली सही कर आणि सोबतच्या पाकिटातून पाठव. पत्ता मी घातलाय, तिकिटंही लावलीत.

भाऊराव


३१ ऑगस्ट २०२५

माया,

पाकीट मिळालं. चिठ्ठी नाही, सही नाही. आमचाच कागद परत आणि त्यातली एक ओळ लाल पेनाने खोडलेली. ‘घरातले सगळे गप्प होते.’

इतकी वर्षं नर्सिंग केलंस, रोग्याच्या कागदावर तू अशीच रेघ मारून मोकळी होतेस का? कारण लिहावं लागतं.

मला राग आला, लपवत नाही. दोन दिवस कागद टेबलावर पडून होता आणि जेवताना-उठताना ती लाल रेघ डोळ्यांत खुपत होती. त्या दिवशी घरात कोण काय बोललं, हे नऊ वर्षांनी कोण सांगणार? पाहुणे येऊन पडले होते, खिरीचं सामान यायचं होतं, मंडपवाला उशीर करत होता. तू काहीतरी पुटपुटलीस, हे मला आठवतं. पण त्या गोंधळात पुटपुटण्याला बोलणं म्हणायचं का?

आणि मी केलं ते सोपं नव्हतं. आपल्या आईच्या फोटोला हार घातलेला आहे, समोर दोन-अडीचशे माणसं बसलीत, आणि त्यांच्यासमोर तो टाक वर धरून सांगायचं की ज्या बाईने मला पंचशील शिकवलं, तिनेच मरेपर्यंत हे घरात लपवून ठेवलं. तरी बोललो. लोक रडले. सभा संपल्यावर तीन गावांची माणसं माझ्याजवळ आली आणि म्हणाली, सर, आमच्याकडे या, शिकवा. शिबिराची सुरुवात त्या दिवसापासून आहे.

तू मात्र भरलेलं ताट सरकवून उठलीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. सगळ्यांनी पाहिलं. माझी काय शोभा झाली असेल, याचा तुला कधी विचार आला का?

सही नसेल करायची तर करू नकोस. पण रेघ का मारलीस ते कळव. जानराव रोज विचारतात.

भाऊराव


९ सप्टेंबर २०२५

माया,

आज तुला बोल लावायला लिहीत नाही. परवाच्या रविवारी झालेलं सांगतो.

यंदा शिबिरात पाच बाया आहेत. त्यातली चांगुणा दुसरबीडची, आशा सेविका. तिकडून इतक्या लांब येऊन पै-पाहुण्यांकडे मुक्काम करते, पण एकही रविवार चुकवत नाही. परवा सातवा प्रसंग होता. मी दरवर्षी जसं करतो तसंच केलं. कागद वाटले, वाचून दाखवला, आणि शिबिराच्या टिनाच्या पेटीतून टाक काढून पहिल्या रांगेत दिला.

हो, तो टाक माझ्याकडेच आहे. तुला वाटलं असेल मी नदीत सोडला. नाही सोडला. मेणबत्त्या आणि पंचशीलाच्या ध्वजाबरोबर त्याच पेटीत असतो. नऊ वर्षांत तीनशेवर माणसांनी तो हातात घेऊन पाहिला असेल. शिकवताना वस्तू दाखवली की गोष्ट मनात बसते, हे मला शाळेतल्या नोकरीपासून ठाऊक होतं.

टाक फिरत फिरत चांगुणाकडे आला. तिने पुढे दिला नाही. तळहातावर धरून बसून राहिली आणि म्हणाली, “सर, हा टाक कुणाचा व्हता?”

मी म्हणालो, “प्रसंगात लिहिलंय ना. उपासिकेचा.”

“तिच्या पेटीत निघाला, असं लिहिलंय. तिचा व्हता, असं कुठं लिहिलंय? माझ्या घरात तर शेजारणीची शिलाई मशीन पडून हाय दोन साल. कुणी तिला इचारलं का?”

“ती वारली होती.”

“मंग घरातल्यांला. कुणीच काही म्हणलं नाही का, सर?”

वर्गात सगळे माझ्याकडे बघत होते. मी ‘घरातले सगळे गप्प होते’ असं म्हणायला तोंड उघडलं आणि मला समोर ती लाल रेघ दिसली. माया, मला ते वाक्य बोलता आलं नाही. डोकं दुखतंय म्हणून मी वर्ग लवकर सोडला.

आता लिहूनच टाकतो. तू पुटपुटली नव्हतीस. तू पेटीजवळ माझा हात धरला होतास आणि सरळ म्हणाली होतीस, “दादा, थे आईचं नाही. कोणाचं हाय ते विचारू नको, पर आईचं नाही.” मी हात सोडवून घेतला. दुसऱ्या दिवशी मी बोलायला उठलो तेव्हा तू पुन्हा माझ्या सदऱ्याची बाही धरलीस. तीही सोडवून घेतली.

प्रसंग लिहायला बसलो तेव्हा तुझं वाक्य मला नीट आठवत होतं. मी ते गाळलं. ते ठेवलं असतं तर प्रसंगात आणखी एक प्रश्न निघाला असता, आणि माझ्या उत्तराचं काही राहिलं नसतं.

कोणाचा होता तो? तू एका ओळीत लिही. मी कोणाला सांगणार नाही.

दादा


२१ सप्टेंबर २०२५

माया,

तू लिहिलं नाहीस, आणि का लिहिलं नाहीस ते आता कळलं. बरं केलंस.

मी सोनाळ्याला गेलो होतो. मनात ठरवलं, आईला जवळून ओळखणारं तिकडे कोण उरलंय ते बघावं. आई जिच्या भाजीच्या वाडीत तीस वर्षं निंदायला जायची, त्या मावशीकडे गेलो. तिचं नाव इथे लिहीत नाही. पत्र किती जणांच्या हातून जातं, तुला माहीतच आहे.

मावशीचे यजमान, आपले काका, ओट्यावर खाटेवर बसले होते. नव्वदीला आलेत, पण कान शाबूत आहेत. तुला आठवत असेल, त्यांनी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका पंथाचा उपदेश घेतला. त्या पंथात घरात दुसरे देव ठेवत नाहीत. मावशीने चहा दिला, तुझी चौकशी केली. मी आईचा विषय काढल्याबरोबर ती उठली आणि म्हणाली, “चाल, तुले वांगे तोडून देतो.” ऐंशीच्या पुढची बाई काठी टेकत पार वाडीच्या टोकापर्यंत गेली. तिथे थांबून तिने माझ्याकडे बघितलंच नाही. वांग्याच्या झाडाकडे बघत विचारलं, “उघडलं व्हतं ना तू थे गाठोडं?”

“हाव, मावशी.”

“तुह्या मायनं नव्हतं उघडलं. म्या म्हटलं, भिमा, पाहून घे आत काय हाय ते. थे म्हने, मले काय करा लागते पाहून? तुहं हाय ना, मंग राहू दे. पूजणार नाही, उघडणार नाही, नुसतं ठेवीन.”

काकांनी घरातले सगळे टाक नदीत सोडायला काढले, तेव्हा मावशीने एक काढून पदराआड ठेवला. तो तिच्या सासूने मरताना तिच्या हातात दिलेला होता. “माहा हातच झाला नाही पाण्यात टाकाले. मंग ठेवू कुठं? म्या म्हटलं, देव धुंडाले बौद्धाच्या घरी कोण येईन? तं किती हासली थे!” हे सांगताना मावशीही हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं.

मग म्हणाली, “त्या दिवशी मी व्हतो ना तिथं. बायाइच्या मांगं. तू हातात धरून दाखवून राह्यला व्हता.”

“मग बोलल्या काऊन नाही?”

“हे बसेल व्हते मानसाइत. काय बोलू? भिमानं शबूद पाळला अन् मी पाह्यत राह्यली.” पदराने तिने डोळे पुसले. मग हळूच विचारलं, “हाय काय तुह्याजवळ?”

मी हो म्हणालो. तेवढ्यात काकांनी हाक मारली आणि आम्ही वांगी घेऊन परत आलो.

गाडीवर येताना मी दोनदा रस्त्याच्या कडेला थांबलो. दर रविवारी मी शिबिरार्थींकडून दुसरं शील म्हणवून घेतो, न दिलेलं घेणार नाही. आईने दुसऱ्याची वस्तू सहा वर्षं गाठ न सोडता सांभाळली. मी ती गाठ ब्लेडने कापली, वस्तू लोकांना दाखवली आणि नऊ वर्षं शाळेच्या फळ्यासारखी वापरली. आई, आई, आई. मला दुसरं काही सुचत नाही, माया. तिला अक्षर येत नव्हतं म्हणून वर्षावासाचं ग्रंथवाचन ऐकायला ती पहिल्या रांगेत बसायची. मी बोललो त्या दिवसापासून विहारात तिचं नाव कोणी काढत नाही. मीच काढू दिलं नाही.

आता खरी अडचण ऐक. समारोपाला चौदा दिवस उरलेत. मी उभा राहून मावशीचं नाव सांगितलं तर पाच मिनिटांत आईवरचा डाग जाईल. पण समोर मावशीच्या गल्लीतले दोघं शिबिरार्थी बसतात. संध्याकाळच्या आत काकांना कळेल, आणि त्या घरात या वयात तिचं काय होईल ते मला सांगवत नाही. शिवाय आईने शब्द दिला होता. आईचं नाव धुवायला आईचाच शब्द मोडायचा? आणि नाव न सांगता बोललो तर कोण विश्वास ठेवील?

मी आयुष्यभर लोकांना विचारत आलो, तुम्ही इथे काय कराल. आता मी तुला विचारतो. आणि तू नऊ वर्षं काय केलंस हे मला दिसतंय. एक नाव घेतलं असतंस तर तू मला तोंडघशी पाडू शकली असतीस. तू भाऊ सोडलास, नाव घेतलं नाहीस.

दादा


६ ऑक्टोबर २०२५

माया,

काल समारोप झाला. तू येशील असं मला उगाच वाटत होतं. दोनदा दाराकडे पाहिलं. असो.

मी सातव्या प्रसंगाचा नवा कागद वाटला. जुन्या ओळीच्या जागी लिहिलं होतं: ‘बहीण म्हणाली, हे आईचं नाही. मुलाने ऐकलं नाही.’ आणि शेवटचा प्रश्न बदलला होता: ‘लोकांसमोर बोलण्याआधी मुलाने काय करायला हवं होतं?’

मग उभं राहून सांगितलं की हा मुलगा मी आहे, उपासिका माझी आई भिमाबाई आहे, टाक तिचा नव्हता, तिने तो दुसऱ्याची ठेव म्हणून गाठ न सोडता सांभाळला. मी तिच्यावर आळ घेतला आणि नऊ वर्षं तुम्हालाही तेच शिकवलं.

मग जानराव उठले. “सर, ठेव कोणाची व्हती?”

“ते सांगता येणार नाही.”

“काऊन?”

“आईने शब्द दिलाय.”

जानराव वाईट माणूस नाही. ते अगदी समजावणीच्या सुरात बोलले, “सर, राग नका मानू. पर माय हाय म्हून बदलून राह्यले का तुम्ही? नऊ साल एक सांगतलं, आता पुस्तक निंघाच्या दिवशी दुसरं. नाव सांगा, आत्ताच मिटते सारं. मायचं नाव देऊ आपण पुस्तकाले.”

माया, नाव माझ्या जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं. आईच्या नावाचं पुस्तक, प्रत्येक विहारात. समोर मावशीच्या गल्लीतली ती दोन पोरं मान पुढे काढून बसली होती. मी टेबलाची कड धरून उभा राहिलो आणि म्हणालो, “नाही सांगणार.”

मागून कोणीतरी हसलं. एक जण म्हणाला, “मंग कसं मानाव आमी?” मी म्हणालो, “नका मानू. माझ्याजवळ पुरावा नाही.” हे वाक्य तोंडातून निघालं आणि मला कळलं, त्या दिवशी पेटीजवळ तू कशी उभी होतीस.

शेवटी चांगुणा उठली. मला वाटलं ही तरी सावरून घेईल. तिने विचारलं, “सर, बहिणीनं सांगितलं तवा तुम्ही का ऐकलं नाही?”

मी उत्तर दिलं. सांगितलं की मला गोष्ट आवडली होती. आईपेक्षा धम्म मोठा मानणारा मुलगा, ही गोष्ट. मला तो मुलगा व्हायचं होतं, आणि बहिणीचं ऐकलं असतं तर होता आलं नसतं. चांगुणा तिच्या वहीत लिहून घेत होती. तिने लिहिलं, याचं मला बरं वाटलं.

निकाल असा: पुस्तक अकरा प्रसंगांचं निघेल. पुढच्या वर्षापासून शिबिर दुसरं कोणी घेईल. निम्म्या लोकांना वाटतं सर म्हातारपणी आईच्या मायेत हलले. आईचं नाव साफ झालं असं काही म्हणता येत नाही. दोन म्हाताऱ्या जाताना माझ्याजवळ थांबल्या, एकीने “भिमाबाई तशी नव्हतीच” एवढं म्हटलं आणि गेली. खिरीचं ताट समोर आलं, पण मी तसाच उठलो. तू त्या दिवशी ताट का सरकवलंस ते विचारायची आता गरज नाही.

आज सकाळी नवी सुतळी घेऊन मावशीकडे गेलो. काका सत्संगाला गेले होते. टाक जुन्याच फडक्यात बांधून तिच्या हातात ठेवला आणि माफी मागितली. तिने गाठोडं कपाळाला लावलं, गाठ चाचपून पाहिली आणि माझ्याच हातात परत दिलं.

“आता मी कुठं ठेवू हे? कधी डोये मिटतीन सांगता येत नाही, मंग सुनाइच्या हाती पडन. तुह्या मायच्या पेटीत ठेव. ठेवशीन?”

मी म्हणालो, “ठेवतो, मावशी. पूजणार नाही, उघडणार नाही.”

“थे बी असंच म्हने,” मावशी म्हणाली.

आईची पेटी तुला ठाऊक आहे, माझ्या खोलीत खाटेखाली आहे. तळाशी तिची दोन लुगडी ठेवली, त्यांच्याखाली गाठोडं ठेवलं. घरात कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. मी त्रेसष्टचा झालो, रक्तदाब आहे. उद्या मी गेलो तर पुण्यानुमोदनाच्या आधी पोरं ती पेटी उघडतील. आचार्याच्या घरात टाक निघाला म्हणून गावभर होईल. मी शिकवलेला कोणीतरी तो हातात धरून लोकांसमोर उभा राहील, आणि तसं करायला मीच त्याला शिकवलंय.

तेव्हा तू ये. मी जिवंत असताना आली नाहीस तरी चालेल, पण त्या दिवशी ये. नाव घेऊ नकोस. पेटीजवळ जा, त्याचा हात धर आणि म्हण, हे दादाचं नाही.

तुझा
दादा